आठ तासांत निकाल – पण कशाचा?

पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते. प्रयोगशाळेतील एखाद्या पद्धतीची मात्र सहसा होत नाही. ती चालते की नाही, स्वस्त आहे की महाग, एवढेच पाहिले जाते. वास्तविक प्रत्येक चाचणी म्हणजे एक विधान असते. ‘या नमुन्यात अमुक आहे’ किंवा ‘अमुक सापडले नाही’ असे काहीतरी ती सांगत असते. ते विधान नेमके कशाविषयी आहे, किती खात्रीचे आहे, आणि ऐकणारा त्याचा अर्थ बरोबर लावतो का, हे तपासणे आम्हांला समीक्षेचेच काम वाटते. या लेखात आम्ही अशा एका पद्धतीकडे पाहणार आहोत : मांसातील आणि गुरांच्या नमुन्यांतील घातक जिवाणू झटपट ओळखणारी चाचणी. तिचा सर्वांत मोठा वापर आणि सर्वांत मोठी परीक्षा अमेरिकेतील गोमांसाच्या खिम्याच्या धंद्यात झाली, म्हणून उदाहरण तिथलेच घेतले आहे.

आमचे मत आरंभीच सांगतो. तंत्र म्हणून ही चाचणी उत्तम आहे. दोष आहे तो तिच्या निकालाच्या वाचनात. ‘चाचणी निगेटिव्ह आली, म्हणजे माल सुरक्षित आहे’ हे वाक्य चाचणी कधीच उच्चारत नाही. ते आपण तिच्या तोंडी घालतो.

चाचणीची गरज कशी निर्माण झाली

ई. कोलाय हा जिवाणू आपल्या सर्वांच्या आतड्यांत असतो आणि त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी असतात. १९८२ साली अमेरिकेतील ओरेगॉन आणि मिशिगन या राज्यांत हॅम्बर्गर खाल्लेल्या काही लोकांना रक्ताचे जुलाब झाले. तपासात ई. कोलायचा ओ१५७:एच७ हा प्रकार सापडला. तो जे विष तयार करतो, ते किओशी शिगा या जपानी शास्त्रज्ञाने १८९७ साली शोधलेल्या आमांशाच्या जिवाणूच्या विषासारखेच असते, म्हणून त्याला शिगा विष म्हणतात. लहान मुलांत हे विष रक्तातील पेशींचा आणि मूत्रपिंडांचा नाश करू शकते. रोग होण्यास फार जिवाणू लागत नाहीत. शंभराहूनही कमी पुरे होतात.

१९८२ च्या घटनेकडे सर्वसामान्यांचे फारसे लक्ष गेले नाही. ते गेले १९९३ च्या आरंभी. ‘जॅक इन द बॉक्स’ या उपाहारगृहांच्या साखळीतील हॅम्बर्गरमुळे पश्चिम अमेरिकेत सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. वॉशिंग्टन राज्याने खिमा १५५ अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे ६८ अंश सेल्सियसपर्यंत शिजवावा असा नियम केला होता. कंपनी मात्र १४० अंश फॅरनहाइटची, म्हणजे ६० अंश सेल्सियसची, जुनी केंद्रीय मर्यादा पाळत होती.

खिमाच का, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. गुरांच्या आतड्यांत ओ१५७ राहतो, पण गुरांना त्याचा त्रास होत नाही. त्यामुळे कोणते जनावर तो बाळगून आहे हे पाहून कळत नाही. शेणाबरोबर तो बाहेर पडतो, कातड्याला लागतो, आणि कत्तलखान्यात कातडे सोलताना मांसाच्या पृष्ठभागावर येतो. अखंड तुकडा भाजला तर वरचे जिवाणू मरतात. आत ते सहसा नसतातच. खिमा करताना मात्र पृष्ठभाग आत जातो. शिवाय एका खिम्यात अनेक जनावरांच्या मांसाचे तुकडे एकत्र येतात. एका जनावराच्या कातड्यावरचे शेण अशा रीतीने शेकडो लोकांच्या ताटांत पोहोचू शकते.

डोळ्यांना, नाकाला, जिभेला यातले काही जाणवत नाही. म्हणून चाचणी हवी. आणि मांस नाशवंत असल्यामुळे ती लवकर निकाल देणारी हवी. ही गरज खरी होती आणि आजही आहे.

वेळ जातो कुठे?

जुनी पद्धत संवर्धनाची. नमुना पोषक रसात उबवायचा, मग आगारच्या बशीवर पसरून वसाहती वाढू द्यायच्या. ओ१५७ ओळखण्याची एक सुंदर युक्ती आहे. बहुतेक ई. कोलाय सॉर्बिटॉल नावाची शर्करा आंबवतात, ओ१५७:एच७ ती सहज आंबवत नाही. सॉर्बिटॉल आणि रंगसूचक घातलेल्या आगारवर इतरांच्या वसाहती गुलाबी दिसतात, याच्या रंगहीन राहतात. त्या वेचून पुढे खात्री करायची. या साऱ्याला कित्येक दिवस लागतात.

जलद पद्धती दोन जातींच्या आहेत. पहिलीत प्रतिपिंडे वापरतात. जिवाणूच्या पृष्ठभागावरील विशिष्ट रेणूला चिकटणारे प्रतिपिंड कागदी पट्टीवर बसवलेले असते. जिवाणू असला की रंगीत रेघ उमटते. गर्भनिदानाच्या पट्टीचे तत्त्व हेच. दुसरी जात पीसीआरची. कॅरी मलिस यांना १९८३ साली सुचलेल्या आणि १९९३ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळवून देणाऱ्या या तंत्रात डीएनएचा ठरावीक तुकडा पुनःपुन्हा दुप्पट केला जातो. तीस फेऱ्यांत एका तुकड्याच्या शंभर कोटींहून अधिक प्रती होतात. पट्टीला काही मिनिटे लागतात, पीसीआरला एक-दोन तास.

मग निकालाला आठ, दहा, कधी चोवीस तास का लागतात? कारण त्याआधी नमुना पोषक रसात उबवावाच लागतो. याचे गणित वर्गात फळ्यावर मांडण्याजोगे आहे. ३२५ ग्रॅम मांस तिप्पट रसात घातले, म्हणजे एकूण सुमारे १,३०० मिलिलिटर मिश्रण झाले. त्यात एकच जिवाणू आहे असे समजू. पीसीआरसाठी त्यातला थेंबभरच भाग घेतला जातो; त्यात जिवाणू हमखास सापडायचा तर मिलिलिटरमागे सुमारे दहा हजार जिवाणू हवेत असे धरू. म्हणजे एकूण १ कोटी ३० लाख हवेत. एकापासून इतके होण्यासाठी सुमारे २४ वेळा दुप्पट व्हावे लागते. उत्तम परिस्थितीत वीस मिनिटांत एकदा दुप्पट होतात असे धरले, तर ४८० मिनिटे लागतील, म्हणजे बरोबर आठ तास. शिवाय थंडीतून आलेला, आम्लाने किंवा गरम पाण्याने अर्धमेला झालेला जिवाणू सावरण्यात जो वेळ घालवील तो वेगळाच.

म्हणून ‘जलद’ या विशेषणावर आमचा पहिला आक्षेप आहे. यंत्र जलद झाले आहे, जिवाणू झालेला नाही. निकालाच्या वेळेचा मोठा भाग जिवाणूच्या वाढीचा आहे आणि तो यंत्राच्या किमतीने कमी होत नाही. उबवण्याचा वेळ फार कापला तर निकाल लवकर येईल, पण तो ‘नाही’ असा येण्याचा संभव वाढेल. घाईचा ‘नाही’ आणि जिवाणू नसल्यामुळे आलेला ‘नाही’ कागदावर सारखेच दिसतात.

या वेळेला पैशाचीही बाजू आहे. निकाल येईपर्यंत माल शीतगृहात अडवून ठेवावा लागतो. अमेरिकेत सरकारी नमुन्याचा निकाल येण्याआधीच माल बाजारात गेला आणि मग परत मागवावा लागला, असे प्रकार घडत होते. निकाल हाती येईपर्यंत माल सोडू नये, हे तेथे २०१३ पासून बंधनकारक झाले. चाचणी लवकर व्हावी यामागे म्हणूनच केवळ विज्ञानाची ओढ नाही. अडकलेल्या मालाचे भाडेही आहे. त्यात गैर काही नाही, पण वाचकाने ते लक्षात ठेवावे.

जे शोधू तेच सापडते

दुसरा मुद्दा अधिक खोल आहे. पोषक रस, आगार आणि सूक्ष्मदर्शक घेऊन बसलेल्या माणसाला न शोधलेलेही कधी कधी दिसते. जलद चाचणीला ते दिसत नाही. तिला जो प्रश्न शिकवला आहे तेवढाच ती विचारते.

ओ१५७ शिवाय इतर प्रकारचे ई. कोलायही शिगा विष तयार करतात. अमेरिकेने त्यांपैकी सहा प्रकारांसाठी गोमांसाची तपासणी २०१२ मध्ये सुरू केली. त्याआधी ओ१५७ ची निगेटिव्ह चाचणी झालेल्या मांसात हे सहा असले, तरी चाचणी त्यांच्याबद्दल मूक होती. ती खोटे बोलत नव्हती; तिला कोणी विचारलेच नव्हते.

आता प्रश्नच चुकीच्या रीतीने जोडला गेला तर काय होते ते पाहा. घातक ई. कोलाय ओळखण्यासाठी पीसीआरमध्ये सामान्यतः दोन जनुके शोधतात : एक शिगा विषाचे, दुसरे आतड्याच्या अस्तराला घट्ट चिकटण्यास मदत करणाऱ्या प्रथिनाचे. दोन्ही सापडली की नमुना संशयित. पण पीसीआर पेशी फोडून सगळ्यांचा डीएनए एकत्र पाहते. एका जिवाणूत विषाचे जनुक आणि शेजारच्या दुसऱ्याच जिवाणूत चिकटण्याचे जनुक असले, तरी निकाल ‘दोन्ही आहेत’ असाच येईल. वर्गातील एका मुलाच्या दप्तरात कुलूप आणि दुसऱ्याच्या दप्तरात किल्ली सापडली, तर वर्गात दोन्ही आहेत हे खरे. पण दोन्ही एकाच मुलाजवळ आहेत असे त्यावरून म्हणता येणार नाही. दोन्ही जनुके एकाच पेशीत आहेत का हे कळण्यासाठी अखेर ती पेशी वेगळी काढून वाढवावीच लागते. म्हणजे जुने संवर्धन आलेच.

याची उलट बाजू २०११ साली जर्मनीत दिसली. ओ१०४:एच४ या प्रकारामुळे जवळपास चार हजार लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक मरण पावले. या जिवाणूत शिगा विषाचे जनुक होते, पण चिकटण्याचे ते नेहमीचे जनुक नव्हते. तो वेगळ्याच रीतीने आतड्याला चिकटत होता. ‘दोन्ही जनुके असतील तरच घातक’ असा नियम लावणाऱ्या चाळणीतून तो सरळ निसटला असता.

त्याच साथीत चाचणीच्या घाईघाईच्या वाचनाचेही उदाहरण घडले. हँबुर्गमधील अधिकाऱ्यांना स्पेनहून आलेल्या काकड्यांवर शिगा विष तयार करणारे ई. कोलाय असल्याचे आढळले, आणि काकड्यांवर आरोप जाहीर झाला. पुढील तपासणीत काकड्यांवरचा जिवाणू साथीचा नव्हे, वेगळ्याच प्रकारचा असल्याचे सिद्ध झाले. खरा संशय अखेर मोड आलेल्या मेथीदाण्यांवर स्थिरावला. तोपर्यंत स्पेनमधील शेतकऱ्यांचा माल मातीमोल झाला होता, आणि युरोपीय संघाला भाजी उत्पादकांसाठी नुकसानभरपाईची योजना करावी लागली. चाचणीने ‘या गटातील काहीतरी आहे’ असे सांगितले होते. लोकांनी ‘गुन्हेगार सापडला’ असे ऐकले.

तीनशे पंचवीस ग्रॅम आणि साडेचार टन

तिसरा मुद्दा नमुन्याचा आहे, आणि आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. कारण तो यंत्राच्या आधीचा आहे. यंत्र कितीही सुधारले तरी तो सुटत नाही.

मोठे भाग कापून घेतल्यावर उरलेले मांसाचे तुकडे खिम्यासाठी मोठ्या पेट्यांत भरतात. एका पेटीत सुमारे नऊशे किलो. अशा पाच पेट्यांचा एक गट धरला तर माल होतो साडेचार टन. त्यातून पृष्ठभागाचे साठ पातळ तुकडे कापायचे, सर्व मिळून सुमारे ३२५ ग्रॅम, आणि ते एकत्र करून तपासायचे, अशी पद्धत तेथे रूढ झाली. वजनाने पाहिले तर हा नमुना मालाचा सुमारे चौदा हजारावा भाग आहे. २०२३ पासून सरकारी निरीक्षक तुकडे कापण्याऐवजी विशिष्ट कापडाने पेटीतील मांसाचा पृष्ठभाग पुसून नमुना घेतात. त्यामुळे जास्त पृष्ठभाग तपासला जातो आणि मांसही वाया जात नाही. ही सुधारणा चांगली आहे. तरी पेटीच्या तळाशी असलेल्या तुकड्यांपर्यंत कापड पोहोचत नाही.

साठ तुकड्यांतून किती कळते? समजा मालातील दर शंभर तुकड्यांपैकी पाच दूषित आहेत. एक तुकडा स्वच्छ निघण्याची संभाव्यता ०.९५, साठही स्वच्छ निघण्याची संभाव्यता ०.९५ चा साठावा घात, म्हणजे सुमारे ०.०४६. शंभरात पाचेक वेळाच दूषित माल निसटेल. हे ठीक आहे. पण शंभरात एकच तुकडा दूषित असेल तर? ०.९९ चा साठावा घात ०.५५ येतो, अर्ध्याहून अधिक वेळा माल निसटेल. आणि हजारात एक असेल तर निसटण्याची संभाव्यता ०.९४. म्हणजे चाचणी शंभरपैकी चौऱ्याण्णव वेळा ‘नाही’ म्हणेल, तीही प्रयोगशाळेने एकही चूक न करता.

येथे एक विरोधाभास आहे आणि तो विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवावा. कारखाना जितका स्वच्छ, दूषितपणा जितका विरळ, तितकी चाचणी आंधळी. गलिच्छ मालाला ती पकडते. बऱ्यापैकी स्वच्छ मालातील उरलासुरला धोका तिला दिसत नाही. आणि रोगाला तर शंभराहून कमी जिवाणू पुरतात.

सूत्रापेक्षा हातांनी केलेले मुलांना पटते. एका डब्यात हजार हरभरे घ्या; त्यांतले दहा शाईने काळे करून वाळवा आणि सर्व नीट मिसळा. प्रत्येक विद्यार्थ्याने डोळे मिटून साठ हरभरे काढावेत, काळा आहे का पाहावे, सर्व परत टाकून डबा हलवावा आणि पुढच्याला द्यावा. चाळीस मुलांच्या वर्गात वीस-बावीस जणांना एकही काळा हरभरा मिळणार नाही. त्यांना विचारा : तुमच्या निकालावरून डबा ‘स्वच्छ’ म्हणायचा का? काळे हरभरे आत आहेत हे साऱ्या वर्गाला माहीत असते, त्यामुळे ‘सापडला नाही’ आणि ‘नाही’ यांतला फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मग दहाही काळे हरभरे एका पातळ कापडी पुरचुंडीत बांधून डब्यात टाका आणि पुरचुंडी हाती आली तर ती एकच दाणा समजा. शेण मांसावर सारखे पसरत नाही, एका जागी चिकटते. निसटण्याचे प्रमाण किती वाढते ते मुलेच मोजतील.

‘आहे’ म्हटले तरी थांबावे

नकारार्थी निकालाइतकाच होकारार्थी निकालही सांभाळून वाचावा लागतो. एक कल्पित उदाहरण घेऊ. दहा हजार नमुने, त्यांतले वीस खरोखर दूषित. चाचणी दूषितांपैकी शंभरात ९५ पकडते आणि स्वच्छांपैकी शंभरात ९८ ना स्वच्छ म्हणते. ऐकायला दोन्ही आकडे उत्तम. पण हिशोब करा : वीसांपैकी १९ पकडले गेले, उरलेल्या ९,९८० स्वच्छ नमुन्यांपैकी सुमारे २०० वर खोटा संशय आला. एकूण २१९ होकारार्थी निकालांत खरे फक्त १९, म्हणजे अकरा-बारांत एक.

म्हणूनच जलद चाचणीचा होकार हा ‘संशयित’ मानतात आणि संवर्धनाने खात्री करतात. ही चाचणीची कमतरता नाही. चाळणीचे काम चाळण्याचेच असते. पण ‘९५ टक्के अचूक’ अशी जाहिरात वाचताना मुळात रोग किंवा दूषितपणा किती विरळ आहे हा प्रश्न विचारल्याशिवाय तो आकडा निरर्थक राहतो. २०२० च्या करोना साथीत आपण सर्वांनी हे अनुभवले आहे. जलद अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली तरी लक्षणे असतील तर आरटी-पीसीआर करा, असे सांगितले जाई. अनेकांना तो गोंधळ वाटला. तो गोंधळ नव्हता. एकाच चाचणीच्या ‘आहे’ आणि ‘नाही’ या उत्तरांचे वजन सारखे नसते, एवढाच त्याचा अर्थ होता.

श्रेय आणि त्याची मर्यादा

इतके आक्षेप घेतल्यावर चाचणीचे श्रेयही मोजून द्यायला हवे. १९९४ साली अमेरिकी कृषी खात्यातील मांसतपासणी विभागाचे प्रमुख मायकेल टेलर यांनी ओ१५७:एच७ असलेला कच्चा खिमा हा कायद्याने भेसळयुक्त मानला जाईल, असे जाहीर केले. उद्योगाने न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली. तोवर ‘कच्च्या मांसात जिवाणू असायचेच, शिजवणाऱ्याने काळजी घ्यावी’ असा युक्तिवाद चाले. आता जबाबदारी विकणाऱ्यावर आली. पुढे २०१० पर्यंत अमेरिकेत ओ१५७ च्या रोगाचे प्रमाण १९९० च्या दशकातील उत्तरार्धाच्या तुलनेत जवळपास निम्म्याने घटले.

हे एकट्या चाचणीचे यश नाही. कातडी धुणे, मांसाला गरम पाण्याचे व सौम्य आम्लाचे फवारे देणे, जास्त तापमानाला शिजवणे, असे अनेक उपाय त्याच काळात झाले. पण त्या उपायांमागे धाक होता, आणि धाकाला चाचणीचा आधार होता. हे श्रेय आम्ही निःसंकोच देतो.

आता शेजारीच साल्मोनेला पाहा. तोही जिवाणू, त्याचीही जलद चाचणी उपलब्ध, तितकीच चांगली. पण कच्च्या मांसातील साल्मोनेलाला तसा कायदेशीर दर्जा नव्हता. टेक्सासमधील सुप्रीम बीफ या कारखान्याचे नमुने साल्मोनेलाच्या ठरवून दिलेल्या मर्यादेत तीन वेळा बसले नाहीत, तेव्हा सरकारने निरीक्षक काढून घेण्याचे ठरवले. खटला झाला आणि २००१ साली अपील न्यायालयाने कारखान्याच्या बाजूने निकाल दिला. साल्मोनेला आत येणाऱ्या मांसाबरोबरही येऊ शकतो, तेव्हा केवळ त्यावरून कारखाना अस्वच्छ ठरत नाही, असा त्याचा आशय होता. ओ१५७ चा रोग निम्म्यावर आला त्या वर्षांत साल्मोनेलाचा रोग घटला नाही. कोंबडीच्या कच्च्या मांसातील साल्मोनेलासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये मांडलेला व्यापक नियमांचा मसुदा एप्रिल २०२५ मध्ये मागे घेण्यात आला. दोन जिवाणूंची तुलना सर्व बाबतींत समान नाही हे मान्य करूनही, चाचणीच्या निकालानंतर काय घडते यावरच तिचे मोल ठरते, असे म्हणायला आधार आहे.

याहून बोलके उदाहरण २००९ चे आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये मायकेल मॉस यांनी खिम्याच्या धंद्यावर लिहिलेल्या आणि पुढे पुलित्झर पारितोषिक मिळवणाऱ्या वृत्तांतात खिमा करणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांचा हवाला होता. अनेक मोठे कत्तलखाने आपला माल अशाच गिऱ्हाइकांना विकतात, जे तो इतरांच्या मालात मिसळण्याआधी तपासणार नाहीत, असे त्यांनी सांगितले होते. मिसळल्यावर तपासले तर दोष कोणाचा हे कळत नाही. चाचणी होती, परवडत होती, काही तासांत निकाल देत होती; आणि नेमक्या ज्या जागी तिने काही सांगितले असते, त्या जागी ती करायचीच नाही असे ठरले होते. दगावलेल्या मुलांच्या संदर्भात हे वाचले की तंत्राच्या वेगाची सारी चर्चा दुय्यम वाटू लागते.

खरे तर अंतिम मालाच्या चाचणीने सुरक्षितता येत नाही, हे फार पूर्वी उमगले होते. १९६० च्या दशकात अंतराळवीरांचे अन्न तयार करताना पिल्सबरी कंपनीतील हॉवर्ड बाउमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले, की तयार अन्न तपासून हवी तेवढी खात्री मिळवायची तर बराचसा माल तपासणीतच संपेल. म्हणून त्यांनी, नासाच्या आणि अमेरिकी सैन्याच्या प्रयोगशाळेच्या साहाय्याने, उलटा मार्ग घेतला : अन्न तयार होताना धोका कुठे कुठे शिरू शकतो ते शोधायचे आणि तेथेच तो रोखायचा. हीच पद्धत पुढे ‘हॅसप’ नावाने जगभर गेली, आणि १९९६ साली अमेरिकेतील मांस कारखान्यांना बंधनकारक झाली. या पद्धतीत चाचणीला मानाची जागा आहे, पण ती पहारेकऱ्याची नव्हे, हिशोबतपासनिसाची. धोका रोखण्याचे काम कातडे नीट सोलणाऱ्या हातांचे, फवाऱ्याच्या तापमानाचे आणि शीतगृहाचे असते. ते काम होते आहे की नाही हे चाचणी सांगते.

शिक्षकांसाठी

आपल्याकडे पिण्याच्या पाण्यासाठी वापरली जाणारी, काळी पडणारी एच२एस बाटली अनेक शिक्षकांनी पाहिली असेल. के. एस. मांजा आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेली ही भारतीय चाचणी स्वस्त, सोपी आणि गावात करण्याजोगी आहे. तिच्याबाबतही हेच प्रश्न विचारता येतात. ती ई. कोलाय दाखवत नाही. हायड्रोजन सल्फाइड वायू निर्माण करणारे जिवाणू दाखवते, जे बहुधा विष्ठेबरोबर येतात. बाटली काळी झाली नाही याचा अर्थ, त्या दिवशी, त्या नळाच्या त्या थोड्याशा पाण्यात असे जिवाणू वाढून दिसले नाहीत. टाकी कधी धुतली, पाइप गटारातून जातो का, हे प्रश्न त्यानंतरही शिल्लक राहतात.

तेव्हा कोणत्याही चाचणीचा निकाल वर्गात आला – पाण्याचा, दुधाचा, रक्ताचा – की मुलांना तो पूर्ण वाक्यात लिहायला सांगावा. कशात शोधले, किती घेतले, काय शोधले, किती वेळ वाट पाहिली, आणि काय सापडले वा सापडले नाही. ‘निगेटिव्ह’ हा एक शब्द पुरेसा मानू नये. ‘या साडेचार टन मालातील ३२५ ग्रॅम मांसात ओ१५७ सापडला नाही’ हे वाक्य लांब आहे, पण खरे आहे. आणि ते खरे वाक्य ज्याने वाचले आहे, तो घरी खिमा आतपर्यंत, ७१ अंश सेल्सियसला, शिजल्याशिवाय मुलाच्या ताटात वाढणार नाही.